मशीन आलं, गाईड कुठंय?

'गाईड' म्हटलं की होस्टेलवर दोनच अर्थ निघतात. एक म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री या रूममधून त्या रूममध्ये फिरणारं, आणि दुसरे म्हणजे फायनल इयरच्या प्रोजेक्टवर सही करणारे सर! पण गाईडचा एक तिसरा अर्थ आहे आणि माझ्या मते इंजिनिअरला खरी गरज त्याचीच आहे. तो अर्थ लायब्ररीत नाही, कारपेंट्री शॉपमध्ये सापडतो.

बीड, परळी, अंबाजोगाई, कुठेही घराचं फर्निचर चालू असेल तिथे पाच मिनिटं उभे राहून बघा. सुतारमामांच्या हातात हमखास एक छोटं राउटर दिसेल. सगळे त्याला ट्रिमर म्हणतात. मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणारं हे मशीन काय करतं? सनमायकाच्या कडा साफ करतं. बस्स! सांधा द्यायची वेळ आली की मशीन बाजूला आणि खिळे, स्क्रू पुढे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. म्हणजे मशीन आता खेड्यातही पोचेल. पण त्या मशीनकडून सांधा कापून घेणारं गाईड कोण पोचवणार?

मी बोलतोय ते स्लायडिंग डव्हटेलबद्दल. फर्स्ट इयरला करवत आणि पटाशीने डव्हटेलचा जॉब आपण सगळ्यांनी केलाय. हा त्याचाच भाऊ. एका फळीत आरपार खाच, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. दुसऱ्या तुकड्याच्या कडेला त्याच आकाराची जीभ. जीभ बाजूने सरकवत आत घालायची. एकदा बसली की वर ओढून निघत नाही, कारण तिला खिळ्याने नाही, आकाराने धरलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, चार स्क्रू मारा की! तर आपल्याकडचं हवामान आठवा. मे महिन्यात मराठवाड्यात लाकूड वाळून आकसतं आणि ऑगस्टमध्ये दमटपणा पिऊन फुगतं. हे आकसणं-फुगणं लांबीत नगण्य, पण रुंदीत भरपूर असतं. पाचशे मिलिमीटर रुंदीची भरीव फळी दोन-चार मिलिमीटर सहज कमी-जास्त होते. अशा टेबलाच्या फळीखाली आडवी पट्टी स्क्रूने गच्च आवळली, तर फळीला हलायला जागाच राहत नाही. मग ती तडकते. तीच पट्टी स्लायडिंग डव्हटेलने बसवली आणि फेविकॉल फक्त मधोमध लावला, तर फळी दोन्हीकडे मोकळी सरकते, तरी वाकडी होत नाही. ही ताकद वाढवायची युक्ती नाही. लाकडाशी भांडण न करण्याची युक्ती आहे.

कापायचं कसं? समजा फळी २५ मिमी जाड आहे. खाच आठ मिमी खोल, म्हणजे साधारण एकतृतीयांश. राउटरच्या बेसच्या दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्या क्लॅम्प करायच्या, बेस मध्ये जेमतेम सरकेल इतक्याच अंतरावर. हे झालं गाईड! एकच पट्टी असेल तर राउटर पुढे ढकलताना ती आपल्या डाव्या हाताला ठेवायची, कारण बिटच्या फिरण्यामुळे राउटर डावीकडे ओढ घेतं आणि पट्टीला चिकटून राहतं. पट्टी उजवीकडे ठेवली तर राउटर पट्टी सोडून पळतं आणि खाच वाकडी होते.

आधी सरळ बिटने बहुतेक लाकूड काढायचं, मग डव्हटेल बिट पूर्ण खोलीवर लावून एकाच फेरीत आरपार जायचं. या बिटची मान बारीक असते, सगळं ओझं तिच्यावर टाकायचं नाही. आणि मध्येच राउटर वर उचलायचं नाही. उचललं की खाचेचं तोंड गेलंच! (बिट बदलताना प्लग काढायचा आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, हे इथल्या हिरोंना वेगळं सांगतो.)

जिभेसाठी पट्टी उभी धरून दोन्ही बाजूंना जाड ठोकळे क्लॅम्प करायचे, म्हणजे राउटरला बसायला जागा मिळते. राउटरचं साइड गाईड ठोकळ्याला टेकवून दोन्ही बाजूंनी कापायचं. बिट तेच, आणि खोलीच्या सेटिंगला हात लावायचा नाही. का? बिट १४ अंशाचं असेल तर दोन गुणिले टॅन १४ करून बघा, उत्तर ०.५ येतं. म्हणजे खोलीत एक मिमी फरक पडला की तोंडाच्या रुंदीत अर्धा मिमी फरक! जीभ घट्ट-सैल करायची ती गाईड आणि ठोकळ्याच्या मध्ये कागद घालून. साधा झेरॉक्सचा कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो, दोन बाजूंचे मिळून ०.२. आधी दोन-तीन कागद घालून भंगार तुकड्यावर कापायचं, मग एकेक कागद काढत जायचं. ट्रिग्नॉमेट्री आणि टॉलरन्स यांची अशी गाठ मला तरी कुठल्या नोट्समध्ये भेटली नाही.

आणि हे फक्त लाकडापुरतं नाही. लेथची क्रॉस स्लाइड डव्हटेलवरच सरकते, तिचा ढिलेपणा गिब पट्टीने काढतात. मिलिंगमध्ये डव्हटेल कापताना आधी एंड मिल, मग डव्हटेल कटर, क्रम तोच. परळीच्या थर्मल पॉवर स्टेशनमुळे टर्बाइन हा शब्द आपल्या जिल्ह्यात घरचाच. बऱ्याच टर्बाइनमध्ये पात्यांची मुळंही अशीच आकाराच्या जोरावर रोटरच्या खाचेत अडकलेली असतात. आठ मिमीच्या खाचेत एवढं सगळं शिकायला मिळतं!

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, "सीएनसी असताना हे कोण करतं?" अरे बाबा, सीएनसी तालुक्याच्या फर्निचरवाल्याकडे नाही, ट्रिमर आहे. दुसरा आक्षेप जुन्या कारागिरांचा, की गाईडने हात बिघडतो. त्यांच्या हाताबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारावंसं वाटतं, मामा, गुण्या म्हणजे काय? कोनाचं गाईडच ना? ते तर तुम्ही बारा बलुत्यांच्या काळापासून वापरताय. गाईड हात काढून घेत नाही, हाताला भरवशाचं करतं. मर्यादा मात्र सांगायला हवी. हा सांधा भरीव लाकडाचा. प्लायच्या आणि पार्टिकल बोर्डच्या कडा तुटतात, तिथे त्याचा हट्ट नको.

मला म्हणायचंय ते एवढंच. मशीन विकत मिळतं. गाईड त्या-त्या कामासाठी विचार करून बनवावं लागतं, आणि तो विचार करणं हेच आपलं शिक्षण. 'जिग्ज अँड फिक्स्चर्स'वर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी प्लायच्या दोन पट्ट्यांचं एक गाईड स्वतः बनवायला काय हरकत आहे? फर्स्ट इयरच्या कारपेंट्रीत हा एक जॉब वाढवा. स्टाफला विनंती, महिन्यातून एक शनिवार गावातल्या एखाद्या सुतारमामांना मानधन देऊन शिकवायला बोलवा. लाकूड कसं वागतं ते मामा सांगतील, ऑफसेटचं गणित आपण करू. मग होस्टेलची तडकलेली टेबलं दुरुस्त करू, आणि ते गाईड मामांच्या पिशवीत घालून देऊ.

सनमायकाच्या कडा घासणारं ते मशीन मग सांधे कापायला लागेल. गाईड वाचून पास होणारे पुष्कळ आहेत मित्रांनो, गाईड बनवणारे हवेत!