तारीफ करणारे चाळीस, पैसे देणारा एक

आमच्या समाजातील शिकलेल्या मुलांत सध्या एक नवा धंदा दिसू लागला आहे. दुकान नाही, गोदाम नाही, गठाण नाही. संगणकावर बसून एखादी सोय तयार करायची आणि ती इंटरनेटवरून दरमहा पैसे घेऊन लोकांना वापरू द्यायची. मुले हुशार आहेत, रात्र रात्र जागतात. परंतु वस्तू तयार झाली की एकच सवाल पुढे उभा राहतो : पैसे देणारे पहिले गिऱ्हाईक आणायचे कुठून? हा सवाल संगणकाचा नसून दुकानदारीचा आहे, म्हणून आम्ही कापडवाल्याने त्यावर लिहिण्याचे धाडस केले आहे. शिवाय या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आहे, तीही सांगायची आहे.

आमच्या पुतण्याने यंत्रमागाच्या मजुरीचा हिशेब ठेवणारी अशी एक सोय तयार केली. व्यापारी सूत देतो, कारखानदार मजुरीवर विणून तागे परत करतो. किती सूत गेले, किती तागे आले, कोणाकडे काय बाकी, हे सर्व मोबाइलवर दिसते. मालेगावात या हिशेबावरून किती भांडणे होतात हे सांगायला नको. मुलाने सल्ला विचारला तेव्हा आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो, "बेटा, आधी सहा महिने फुकट दे. सवय लागली की पैसे आपोआप येतील." एवढेच करून थांबलो नाही, तर आमच्या ओळखीच्या चाळीस जणांकडे स्वतः घेऊन गेलो. सर्वांनी माशाअल्लाह म्हटले, चहा पाजला, मुलाच्या पाठीवर थाप मारली. एका जलशात त्याला शालही मिळाली.

सहा महिन्यांनी त्याने महिन्याला तीनशे रुपये मागितले. चाळिसांपैकी सदतीस जण गप्प झाले आणि तिघांनी मुदत मागितली. नंतर कळले की बहुतेकांनी ती गोष्ट पहिल्या हप्त्यानंतर उघडलीच नव्हती. ओळखीच्या मुरव्वतीने घेतली आणि मुरव्वतीनेच गप्प राहिले. कुणी रागावून "यात अमुक खोट आहे" म्हटले असते तरी मुलाचे सहा महिने वाचले असते. तो पुण्याला नोकरी धरायला निघाला होता, आणि त्यात कसूर आमच्या सल्ल्याचा होता.

वास्तविक ही गोष्ट आम्हाला ठाऊक असायला हवी होती. आम्ही तरुणपणी लुंगी आणि साडीचे नमुने पिशवीत घालून परगावच्या पेठांत फिरत असू. नमुना हातात घेऊन रंगाची तारीफ करणारे पुष्कळ भेटत. एका बुजुर्ग दलालाने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले होते की, जो भाव विचारत नाही त्याच्या गादीवर दुसरा चहा पिऊ नकोस. कापडाच्या बाबतीत हे आम्ही तीस वर्षे पाळले, आणि संगणकाचे नाव निघताच विसरलो!

मोठमोठ्या कंपन्यांचे पाहावे तर त्यांचीही सुरुवात पायपिटीनेच झाली आहे. फ्लिपकार्ट २००७ साली बंगळूरला दोन तरुणांनी पुस्तके विकण्यासाठी काढली. नावाला धंदा इंटरनेटचा. पण गिऱ्हाईक शोधायला हे दोघे पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पुस्तकात खूण म्हणून ठेवायच्या पट्ट्या वाटीत होते. पहिली ऑर्डर तेव्हाच्या आंध्रातील महबूबनगरहून आली. ते पुस्तक सहज मिळेना, तेव्हा शहरभर शोधून त्यांनी ते पाठविले. पुढे २०१८ साली हीच कंपनी वॉलमार्टने सोळा अब्ज डॉलर मोजून ताब्यात घेतली.

अमेरिकेत झॅपोस नावाचे जोड्यांचे दुकान १९९९ साली इंटरनेटवर निघाले. मालकाकडे माल नव्हता. त्याने गावातल्या दुकानांत जाऊन जोड्यांचे फोटो काढले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून पुऱ्या किमतीला जोडा विकत घेऊन पाठवायचा. नफा शून्य. पण लोक न घालता, न बघता जोड्याचे पैसे देतात की नाही, एवढे त्याला त्यातून कळले.

आमच्या धंद्याच्या जवळची गोष्ट मीशोची आहे. २०१५ साली त्यांनी प्रथम बंगळूरच्या कोरमंगला भागातील कपड्यांची दुकाने मोबाइलवर दाखविण्याचे काम काढले. ते चालले नाही. परंतु त्या निमित्ताने दुकानादुकानांत जाणे झाले आणि दिसले की कितीतरी दुकानदार आधीच व्हॉट्सअॅपवर साड्यांचे फोटो पाठवून विक्री करीत आहेत. पुढचा सारा धंदा त्यातून निघाला. घरात बसून हे दिसले नसते.

कोणी म्हणेल, खाताबुक, ओके क्रेडिट हेही हिशेबाचेच, आणि ते तर व्यापाऱ्यांना मोफत मिळाले. बरोबर आहे. पण त्यांच्या पाठीशी गुंतवणूकदारांचे कोट्यवधी रुपये होते; त्यांना आधी गर्दी हवी होती, कमाई नंतर. आमच्या मुलांच्या पाठीशी बापाची पेन्शन किंवा आईचे दागिने असतात. त्यांनी त्यांची नक्कल करू नये.

मग पुतण्याने काय केले? आमचे न ऐकता तो इचलकरंजीला गेला. तेथे ना नाते, ना ओळख. मजुरीवर सूत देणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब जुळवायला दरमहा वेगळा माणूस लागतो, असे त्याला कळले होते. आमच्या मते येथेच खरी मेख आहे : ज्याला त्रास आहे आणि त्या त्रासापायी जो आजही खिशातून पैसे घालवतो, त्याच्याकडे आधी जावे. दोन दिवस तो मुनीमजींच्या शेजारी बसून जुन्या वहीतल्या नोंदी स्वतः भरत राहिला. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "तुझ्या हिशेबात सुताची घट कुठे धरली आहे? घट नाही तर हे माझ्या काय कामाचे?" मुलाने घट धरण्याचे कबूल केले आणि तेथेच बयाना मागितला. हजार रुपये मिळाले. चाळीस मेहरबानांनी सहा महिन्यांत जे सांगितले नाही, ते एका अनोळखी माणसाने भाव करताना सांगितले. त्याच व्यापाऱ्याने पुढे दोन नावे दिली. आज अकरा जण पैसे देतात. अकरा म्हणजे फार नव्हेत, पण मुलगा पुण्याला गेला नाही.

आमच्या व्यापारी बंधूंना एक विनंती आहे. मुलांना शाल जरूर द्या, पण कोणी अशी वस्तू घेऊन गादीवर आला तर आधी भाव विचारा. कामाची असेल तर एका महिन्याचे पैसे द्या. नसेल तर काय खोट आहे ते तोंडावर सांगा, लिहाज करू नका.

आमचा स्वतःचा हिशेब अद्याप लाल वहीतच आहे. गेल्या हप्त्यात पुतण्याने आमच्याकडेही तीनशे रुपये मागितले. "चाचा, तुमच्यासाठीही तोच भाव" असे म्हणाला. आम्ही जुम्यापर्यंतची मुदत मागितली आहे.