मन मानत नाही, म्हणजे नेमके कोण मानत नाही?

बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला येणाऱ्या पोरांना किरायाची खोली पाहून देणे, हे आमच्या कामातले नेहमीचे काम. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून पोरं येतात, ठेकेदाराकडे लागतात आणि पहिल्याच आठवड्यात खोलीचा प्रश्न उभा राहतो. मागच्या पावसाळ्यात अशाच एका पोराला घेऊन आम्ही एका घरमालकाकडे गेलो. माणूस भला. भटक्या कुत्र्यांना रोज पोळी घालणारा, आषाढीला वारी करणारा. खोली दाखवली, किराया ठरला, ॲडव्हान्सही ठरला. मग त्यांनी आडनाव विचारले. पोराने सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "राग नका मानू भाऊ. घरात देवघर आहे. आमचं मन नाही मानत."

अशा वेळी आपले लोक म्हणतात, यांचा विवेक मेला आहे. आम्हाला हे पटत नाही. त्या माणसाचा विवेक मेलेला नव्हता, तो चांगला जिवंत होता आणि आपले काम चोख करत होता. खोली दिली असती तरच त्यांना रात्री झोप लागली नसती. खरा प्रश्न इथे आहे. ज्याला लोक 'आतला आवाज' म्हणतात, तो आत येतो कुठून?

धर्मांचे उत्तर सोपे आहे. तो ईश्वराचा आवाज आहे, अंतरात्मा आहे, म्हणून तो चुकत नाही. मनुस्मृतीनेही दुसऱ्या अध्यायात धर्माचे चार आधार सांगितले: वेद, स्मृती, सज्जनांचा आचार आणि स्वतःच्या मनाचे समाधान. वाचायला किती उदार वाटते! पण हे मन कोणाचे? पहिल्या तीन आधारांवर पोसलेल्याचे. ज्याला लहानपणापासून शिकवले की अमक्याच्या स्पर्शाने पाणी बाटते, त्याच्या मनाचे समाधान पाणी नाकारण्यातच असणार. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसे पाणी प्यायली, त्यानंतर तळे 'शुद्ध' करून घेणाऱ्यांनाही मनाचे समाधानच मिळाले असेल. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, ती केवळ एक पोथी नव्हती. माणसाच्या मनात बसून बोलणारा तो आवाज जाळायचा होता.

आतल्या आवाजाचा दुसरा धोका आपल्या समाजाने १९३२ मध्ये भोगला आहे. अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्यात प्राणांतिक उपोषण सुरू केले. आपले पाऊल म्हणजे सदसद्विवेकाची हाक आहे, असे ते त्याआधीच इंग्रज सरकारला कळवून बसले होते. आकड्यांना आकड्यांनी उत्तर देता येते, कायद्याला कायद्याने. अंतरात्म्याला काय उत्तर देणार? त्याची उलटतपासणी होत नाही. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. एका माणसाचा अंतरात्मा शांत झाला, आणि त्याची किंमत कोट्यवधी लोकांनी मोजली.

मग मानसशास्त्र काय म्हणते? फ्रॉइडने १९२३ मध्ये मांडले की आईबापांचा आणि समाजाचा धाक मूल आत घेते आणि पुढे तोच आतला पहारेकरी होतो. देव नाही, आत्मा नाही, संस्कार आहे. आम्हाला हे उत्तर जवळचे वाटते, कारण घरमालकाचे कोडे त्याने सुटते. त्यांच्या तोंडून त्यांचा बाप बोलत होता आणि बापाच्या तोंडून गाव. पण अडचण इथेच आहे. विवेक हा फक्त समाजाचा प्रतिध्वनी असेल, तर जातीच्या समाजात विवेकही जातीचाच राहणार. अमेरिकेत मिलग्रमने येल विद्यापीठात प्रयोग केला. शास्त्रज्ञाने सांगितले म्हणून ४० पैकी २६ साध्यासुध्या माणसांनी समोरच्याला ४५० व्होल्टचा झटका देण्यापर्यंत बटणे दाबली. झटके खोटे होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. अनेकांना घाम फुटला, तरी हात थांबला नाही. मात्र उरलेले १४ जण थांबले, हेही विसरता येत नाही. ते कसे थांबले?

तथागतांनी आत्मा नाकारला, पण विवेक नाकारला नाही. जगाचे रक्षण करणाऱ्या दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या: हिरी आणि ओत्तप्प. हिरी म्हणजे वाईट कृत्याची स्वतःलाच वाटणारी लाज. ओत्तप्प म्हणजे त्याच्या परिणामाची धास्ती. आणि राहुलाला त्यांनी 'आतला आवाज ऐक' असे सांगितले नाही. आरशाचा दाखला दिला. कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपास, याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होते काय? फरक इथे आहे. अंतरात्मा 'मला काय वाटते' एवढेच विचारतो. धम्म विचारतो, समोरच्याचे काय होते? घरमालकांनी हा प्रश्न विचारला असता, तर देवघराआधी त्यांना पावसात उभा असलेला पोरगा दिसला असता.

२२ डिसेंबर १९५२ ला पुण्यात वकिलांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लोकशाहीच्या अटींमध्ये 'सार्वजनिक विवेक' ही अट घातली. अन्याय कोणावरही होवो, तो पाहून जो अस्वस्थ होतो, तो सार्वजनिक विवेक. दक्षिण आफ्रिकेत पीडितांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या स्कॉट या गोऱ्या पाद्र्याचा दाखला त्यांनी दिला, आणि इथे गावोगावी दक्षिण आफ्रिका असून अस्पृश्यांसाठी लढायला दुसरा कोणी क्वचितच येतो, ही खंत मांडली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांचे सारे कुटुंब संपवले गेले, तेव्हा ती खंत किती खरी होती ते विदर्भाने पाहिले.

आता थोडे आपल्याकडे वळू. इतरांना आरसा दाखवणे सोपे असते. काही वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीत सफाईकाम करणाऱ्या एका कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी समाजमंदिर मागितले. ते आपल्या जातीचे नव्हते. बैठक झाली. कोणी उघड 'नाही' म्हटले नाही. 'भांडी कमी पडतील', 'लोक काय म्हणतील', 'पुढे पायंडा पडेल', असे सारे बोलले गेले. आम्हीही त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो. भिंतीवर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे फोटो होते. ते लग्न शेवटी रस्त्यावर मांडव टाकून झाले. आमचेही मन मानत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. त्या घरमालकात आणि आमच्यात त्या रात्री किती अंतर होते?

म्हणून आमचे म्हणणे असे की विवेक जन्माने मिळत नाही, देव देत नाही आणि नुसत्या पंचशील म्हणण्यानेही येत नाही. तो घडवावा लागतो, तोही चारचौघांत. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे एकच प्रश्न घ्यावा: या आठवड्यात कोणाचे दुःख आपल्याला दिसले आणि आपण काय केले? ते दुःख आपल्या जातीबाहेरचे असेल, तर आधी घ्यावे. समाजमंदिराची किल्ली मागणाऱ्याचे आडनाव विचारू नये. त्या पोराला शेवटी खोली मिळाली, आडनाव न विचारणाऱ्या एका म्हातारीकडे. तिला आम्ही कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "पोरगा ओला झाला होता बाप्पा." ना अंतरात्मा, ना फ्रॉइड. पण तथागतांना जे म्हणायचे होते, ते तिला कळले होते.

जय भीम! नमो बुद्धाय!