साक्षीची पारख

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे हे गाव वसले आहे. तेथून चोरदरवाजाच्या वाटेने गड चढून गेलेल्या दहा मुलांना पद्मावती तलावाचे वर्णन लिहावयास सांगा. एकही मुलगा खोटे लिहिणार नाही; तरीही दहा वर्णने तंतोतंत जुळणार नाहीत. मनुष्याची स्मृती म्हणजे दगडावर कोरलेला लेख नव्हे. सहलीच्या वर्णनात असा फरक पडला, तर काही बिघडत नाही. न्यायालयात मात्र तेवढ्याच फरकाने एखादा निरपराध मनुष्य तुरुंगात जाऊ शकतो. म्हणूनच साक्षीदार, आरोपी व तपास करणारे अधिकारी यांच्या मनाचा विचार करणारे न्यायसहायक मानसशास्त्र पदवीच्या वर्गापासूनच शिकविले जावे, असे मला वाटते.

पूर्वी खऱ्याखोट्याचा निवाडा करण्यासाठी आपल्याकडे दिव्य करीत. रवा-दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. मग तो हात पिशवीत बांधून तीवर मोहर करीत आणि पुढे हाताची स्थिती पाहून निर्णय देत. आज आपल्याला याचे नवल वाटते. परंतु शरीर पाहून मनातील सत्य ओळखण्याचा मोह अजून सुटलेला नाही. 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात मेंदूतील विद्युत्-लहरींच्या चाचणीचा आधार घेतला, तेव्हा परदेशांतील शास्त्रज्ञांनीही शंका व्यक्त केल्या. पुढे 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अशा चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाहीत.

स्मृती किती हळवी असते, हे अमेरिकेतील एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी 1974 साली दाखवून दिले. त्यांनी 150 विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा चित्रपट दाखविला. मोटारींचा वेग विचारताना 50 जणांना त्या ‘धडकल्या’ असे म्हटले, तर दुसऱ्या 50 जणांना त्या ‘आदळून चुराडा झाल्या’ असे म्हटले. उरलेल्यांना वेग विचारलाच नाही. आठवड्याने ‘फुटलेली काच पाहिलीत काय?’ असे विचारता पहिल्यांपैकी 7 जण, तर दुसऱ्यांपैकी 16 जण ‘होय’ म्हणाले. चित्रपटात फुटलेली काच नव्हतीच! प्रश्नातील एका शब्दाने त्यांच्या आठवणीत भर घातली होती.

कोणी म्हणेल, केवळ पदवी घेऊन न्यायालयात मत देता येत नाही. मग हा अभ्यास इतक्या लवकर कशाला? हा आक्षेप अर्धा खरा आहे. तज्ज्ञ होण्यास पुढील शिक्षण व अनुभव हवाच. परंतु पदवी घेणाऱ्यांतूनच उद्याचे पोलीस अधिकारी, वकील व पत्रकार होणार आहेत. प्रश्न कसा विचारावा आणि स्वतःच्या खात्रीवर किती विसंबावे, हे त्यांना वेळीच कळले पाहिजे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे न्यायसहायक विज्ञानाच्या शासकीय संस्था आहेत. तेथे रक्ताचा डाग व बोटांचा ठसा यांच्या परीक्षेला जितके महत्त्व, तितकेच मनाच्या अभ्यासालाही असावे.

चोर पकडण्याच्या युक्त्या शिकणे, एवढाच या विद्येचा हेतू नव्हे. घाईने कोणालाही चोर न ठरविण्याचा संयम अंगी बाणविणे, हेच तिचे खरे फळ होय.