दोरी कोणाच्या हाती?

संस्था वाढली की नियम वाढतात आणि सूत्रे मोजक्या हातांत एकवटतात. शिस्तीसाठी नियंत्रण हवेच. परंतु नियंत्रण म्हणजेच शिस्त, हा भ्रम घातक ठरतो.

कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथील जनरल मोटर्सचा मोटार कारखाना बेशिस्त आणि गैरहजेरी यांसाठी कुप्रसिद्ध होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ मध्ये जपानच्या टोयोटाने जनरल मोटर्सच्याच भागीदारीत तो पुन्हा सुरू केला. कामगार बहुतांशी जुनेच, युनियनही तीच. बदलली ती व्यवस्थापनाची दृष्टी. दोष दिसताच दोरी ओढून जुळणीचे काम थांबविण्याचा अधिकार साध्या कामगाराला मिळाला. गैरहजेरी झपाट्याने घटली, मोटारींचा दर्जा उंचावला.

जनरल मोटर्सने पुढे अन्य कारखान्यांतही अशा दोऱ्या बसविल्या. पण जेथे ती ओढणाऱ्यालाच दटावले गेले, तेथे ती नुसती लोंबकळत राहिली. दोरीची नक्कल करता येते, विश्वासाची नाही.

आपल्याकडील संस्थाचालकांनीही हे ध्यानी घ्यावे. ‘मोकळेपणाने सूचना करा,’ असे सहकाऱ्यांना सांगणे सोपे असते. त्या सूचनेखातर चालते काम थांबविणे अवघड. धुरीणांची कसोटी लागते ती तेथेच.