लेकुरवाळी अस्वलीण

१९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ मजकुरात कलम १५ या आशयाचे होते की, खास परवाना असल्याखेरीज कोणीही वन्य पशूच्या पिल्लाची, अथवा पिल्लू सोबत असलेल्या मादीची, शिकार करू नये. हेतू उदात्त होता आणि भाषाही निःसंदिग्ध होती. परंतु ज्याच्या हाती बंदूक आहे आणि ज्याच्या दृष्टीसमोर तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात एक काळी आकृती तेवढी हलते आहे, त्याने ती मादी आहे व तिला पिल्ले आहेत हे ताडावे कसे, याविषयी कायदा मौन होता. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारपरवान्यांची व्यवस्थाच मोडीत निघाली आणि तिच्याबरोबर हे कलमही गळाले. ते गळाले हे योग्यच झाले, कारण निदान अस्वलाच्या बाबतीत तरी ते पाळणे प्रामाणिक शिकाऱ्यालाही साधणारे नव्हते.

आपल्या दख्खनच्या अस्वलात नर-मादीचा भेद दुरून कळत नाही. दोघांच्याही छातीवर तोच पांढुरका पट्टा, दोघांचेही केस तसेच राठ आणि विस्कटलेले. नर अंगाने थोराड असतो खरा, पण शेजारी दुसरे अस्वल नसता थोराडपणा मोजावा कशाने? मादी ऐन थंडीत एखाद्या गुहेत किंवा धोंड्यांच्या कपारीत विते, बहुधा एक किंवा दोन पिल्लांना जन्म देते, आणि ती चालती झाली म्हणजे त्यांना पाठीवर घेऊन बाहेर पडते. जगातील अन्य कोणत्याही जातीच्या अस्वलात ही रीत अशी नित्याची नाही. खांद्यांवरचे तिचे केस सर्वांत लांब असतात, त्यांतच ती पिल्ले मुठी आवळून बसतात. काळ्यावर काळे असे ते दृश्य वारुळापाशी मान खाली घालून वाळवी ओढणाऱ्या, भात्यासारखा फुसफुसणाऱ्या त्या प्राण्याचेच वशिंड वाटावे. आणि पिल्ले कपारीतच ठेवून ती एकटी चरायला आली असेल, तर पाहणाऱ्याजवळ कोणती खूण उरते?

कॅनडातील ओंटारिओ प्रांताने हा अनुभव घेतलेला आहे. तेथील काळ्या अस्वलाची मादी संकटाची चाहूल लागताच पिल्लांना झाडावर चढविते. आमिषाकडे येताना त्यांना मागे ठेवून ती एकटीही येऊ शकते, आणि मचाणावरचा शिकारी तिला निःसंतान समजून चाप ओढतो. पिल्ले अनाथ होतात या आक्षेपावरून त्या सरकारने १९९९ साली वसंतातील शिकार बंद केली; पुढे ती पुन्हा सुरू झाली, हा भाग निराळा.

आमच्या हैदराबादेलाही या विषयाचा वारसा आहे. निजामी अंमलातील आदिलाबाद जिल्हा, ज्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ साली मराठी मुलखाकडे आले, हा अस्वलांचा जुना प्रदेश. हैदराबादेच्याच बोलारममध्ये जन्मलेल्या शिकारी-लेखक केनेथ अँडरसनने १९५७ च्या आपल्या पुस्तकात म्हैसूरकडील अरसीकेरेच्या एका अस्वलाची हकीकत सांगितली आहे. त्या अस्वलाने किमान बारा माणसे मारली होती. ते अस्वल म्हणजे पिल्ले हिरावलेली माता असावी, असा लोकप्रवाद होता. अँडरसनचे स्वतःचे मत मात्र, माणसांनी पूर्वी केलेल्या जखमेचा तो सूड असावा, असे होते. दोन्ही तर्कांत मूळ कसूर माणसाकडेच येते, हे लक्षात घ्यावे. पिल्ले हिरावण्याचा धंदा तर कायद्यानंतरही चाललाच. दरवेशाच्या हातातील पिल्लासाठी आधी आई मारावी लागे, आणि गल्लीत त्याचा अस्वलाचा खेळ पाहून पैसे टाकणारे आपणच होतो. तो खेळ शेवटी २००९ च्या सुमारास संपला.

शिकारीचा परवाना गेला, तरी लेकुरवाळी ओळखण्याचा प्रश्न गेलेला नाही. तो आता मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्यांच्या वाट्याला आला आहे. चैत्रात पहाटे मोहाखाली माणूस जातो त्याच वेळी अस्वलीणही तेथे येते, आणि तिच्या पाठीवरची पिल्ले तेव्हा काही महिन्यांचीच असतात. वाघ-बिबट्यांच्या संगतीत वाढलेली ही जात पळण्यापेक्षा अंगावर धावून येणे पसंत करते. म्हणून दिसलेले प्रत्येक अस्वल लेकुरवाळेच मानावे, उजाडल्यावाचून जाऊ नये, चौघांनी मिळून बोलत जावे, हा सल्ला जंगलखात्याने हंगामापूर्वी गावोगाव दवंडी पिटून द्यावा.

आणि अस्वल वस्तीत शिरले, विहिरीत पडले, म्हणजे मोबाईल उंचावून भोवती जमणाऱ्या गर्दीचा बंदोबस्त करून, प्राण्यास भूल दिल्यावर पहिली तपासणी स्तनांची व्हावी. दूध आढळले, तर कोठेतरी कपारीत पिल्ले भुकेली आहेत हे गृहीत धरून त्यांचा शोध घेतल्यावाचून मादीला दूरच्या अरण्यात अथवा प्राणिसंग्रहालयात हलवू नये, आणि या शोधाची नोंद पंचनाम्यात सक्तीची करावी. तेलंगणाच्या व महाराष्ट्राच्या वनविभागांनी एवढे परिपत्रक येत्या मोहाच्या हंगामाआधी काढावे, अशी माझी विनंती आहे.