खुणा राहू द्या

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर, जुन्या चित्रावरच, एका इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव कोरून ठेवले आहे : जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. कृत्य निंद्यच. पण ते नाव वाचायला आज मान वर करावी लागते, कारण स्मिथ उभा होता तो लेण्यात साचलेल्या दगडमातीच्या ढिगावर. ढीग केव्हाच उपसला गेला. तो केवढा होता, हे आता त्या ओरखड्याच्या उंचीवरूनच कळते. सफाईच्या भरात कुणी तो घासून काढला असता, तर चित्र परत आले नसते आणि हा पुरावाही गेला असता.

आपल्याकडे जीर्णोद्धारात नेमके हेच घासून काढले जाते. दगडांच्या सांध्यांतला चुना उकरून सिमेंट भरतात. मग भिंतीतली ओल बाहेर पडत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. वाळूचा मारा करून पाथरवटाच्या टाकीचे घाव घालवतात. वरून ऑइलपेंट. माझ्या आजोळच्या देवळात तुळईवर चार ओळींचा लेख होता. लहानपणी अक्षरांवरून बोट फिरवत मी त्यातला ‘शके’ एवढा एकच शब्द लावला होता. गेल्या वर्षी गेलो, तर तुळईवर रंगाचे जाड थर. बोटाला काही लागेना. ते देऊळ कुणी, कधी बांधले, हे सांगणारी दुसरी खूण तिथे नाही.

हेतू वाईट नसतो, हे मला मान्य आहे. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनीही अजिंठ्याची चित्रे वाचवायलाच त्यांवर लाखेचे रोगण चढवले. ते पिवळे पडून काळवंडले आणि पुढच्या पिढ्यांना ते जपून उतरवत बसावे लागले. म्हणून जे उलटवता येईल तेवढेच करावे. वारसा-वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेने तर स्पष्टच सांगितले आहे : प्रत्येक काळाने घातलेली मोलाची भर राखावी आणि नवा तुकडा नवा म्हणून ओळखू यावा.

तुमच्या गावी जीर्णोद्धाराची बैठक ठरली असेल, तर आधी प्रत्येक खांबाचे, भिंतीचे फोटो काढा. लेख असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. आणि त्या दगडाला ब्रश लावू देऊ नका.