खंजिरीला विद्यापीठ, खंजिरीवाल्याला कोठडी

पणजीच्या मांडवी नदीत रोज सायंकाळी पर्यटकांच्या बोटी सुटतात. डेकवर वादक वाद्ये जुळवितात, देखणी व फुगडी सादर होते, प्रवासी तिकिटाचे पैसे मोजतात. ही कला होय, हा व्यवसाय होय, आणि शासनाचे पर्यटन महामंडळ त्याची जाहिरातही करते. वर्धा जिल्ह्याला नदी आहे, पण गाणारी बोट नाही. येथील फिरता गायक रेल्वेच्या सर्वसाधारण डब्यात चढतो. पुलगावहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट. गळ्यात पेटी किंवा हातात खंजिरी, दृष्टी गेलेली असेल तर खांद्याला धरून चालणारे एखादे लेकरू. काम तेच, प्रवाशांना गाणे ऐकविण्याचे. मात्र बोटीवरचा तो कलावंत आणि डब्यातला तो भिकारी!

हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे हे सारे भीक मागण्याचे बहाणे ठरविले. बहाणे! वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार पोलिसाला, पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे स्थानबद्धता, आणि पुनःपुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. पिढ्यान् पिढ्या गाऊन पोट भरणाऱ्या गोंधळी, नाथजोगी अशा भटक्या जमातींचा परंपरागत व्यवसाय अशा रीतीने एका फटक्यात अपराध झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली या कायद्याची अनेक कलमे घटनाबाह्य ठरविली. पण तो निकाल दिल्लीपुरता. ज्या राज्याने हा कायदा जन्मास घातला, त्याला मात्र लाज वाटलेली नाही.

आणि हे कोणत्या जिल्ह्यात? 1942 च्या ऑगस्टमध्ये आष्टी पेटली, तेव्हा त्या परिसरातील माणसे तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी जागी झालेली होती. ब्रिटिश सरकारला हे पुरते ठाऊक होते. त्याच महिन्यात त्याने महाराजांना तुरुंगात टाकले. स्वतंत्र भारताने त्यांचा गौरव केला, 2005 साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. वर्ध्यातील महाविद्यालये आज त्याच नावाच्या पदव्या वाटतात. त्या पदवीदान समारंभापासून दूर, सेवाग्राम स्थानकाच्या फलाटावर, खंजिरी वाजविणारा माणूस खाकी कपडा दिसताच वाद्य पिशवीत दडवितो.

प्रवाशांना त्रास होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. रात्री झोपेच्या वेळी कर्णा लावून कोणी गाऊ लागला तर कोणालाही राग येईल. परंतु त्रासाचे नियमन करता येते. त्यासाठी माणसाला गुन्हेगार करण्याचे कारण नाही. हमाल प्रवाशाकडूनच पैसे घेतो, पण त्याला रेल्वेने बिल्ला दिला आहे, म्हणून तो श्रमिक. चहावाल्यास परवाना मिळू शकतो. गायकाला मात्र ना बिल्ला, ना परवाना. 1989 च्या रेल्वे अधिनियमाच्या 144 व्या कलमाने विनापरवाना विक्री आणि भीक एकाच दावणीला बांधली, आणि 2014 च्या पथविक्रेता कायद्याने रेल्वेची हद्द व गाड्या आपल्या कक्षेबाहेरच ठेवल्या. कलावंतांना मानधन देणारी राज्य शासनाची योजना आहे खरी. ती वयाची पन्नाशी आणि कलाकार्याचा पुरावा मागते. डब्यात गायिल्याचा दाखला द्यायचा कोणी? तिकीट तपासनिसाने?

या दुर्लक्षात समाजवादी चळवळीचाही वाटा आहे. सेवादलाच्या कलापथकांनी गाणे हे संघटनेचे शस्त्र मानले; मोर्चा निघाला की पुढे डफ हवाच. पण डफावर पोट भरणाऱ्याला सभासद करावे असे किती कामगार संघटनांना सुचले? कायम नोकरीतील रेल्वे कामगारांच्या मागण्या रास्तच आहेत. परंतु त्याच गाडीत, त्याच फलाटावर आयुष्य घालविणाऱ्या या माणसाचे नाव कोणत्याही मागणीपत्रात नसते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतील असंघटित कामगाराच्या व्याख्येत स्वयंरोजगारी माणूस बसतो, म्हणजे त्याची नोंदणी करून घेण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

कार्यकर्त्यांनी वर्धा, सेवाग्राम, पुलगाव व हिंगणघाट या चार स्थानकांवर बसून ही नोंदणी सुरू करावी. रेल्वे प्रशासनाकडे दिवसाच्या ठरावीक वेळेत, कर्ण्याविना गाण्याचा परवाना व बिल्ला मागावा. आणि 1959 च्या कायद्यातून गाणे हा शब्द वगळण्याची दुरुस्ती विधानसभेत मांडण्यासाठी जिल्ह्यातील चारही आमदारांच्या दारी जावे. जाताना सोबत खंजिरीवाल्यालाही न्यावे.